टेबलावरची मेंढी

माझ्या हाताला गुण नाही, हे आमच्या वस्तीपासून पेडगावच्या पारापर्यंत अठरा वर्षं सगळ्यांना पाठ होतं. कुणाच्या तान्ह्या बाळाला टाळूवर तेल घालायचं असलं की बाया मला गोड बोलून बाजूला सारायच्या. दैवशालानं विरजण लावलं तर दही धरत नाही, असंही एकीनं उठवलं होतं. माझ्या घरचं दही रोज मीच लावते आणि ते सुरीनं कापावं इतकं घट्ट लागतं, पण हे तिला सांगायला जाणार कोण? आणि मेंढरं व्यायचे दिवस आले की मी मेंढरं कोंडायच्या जाळीपासून दहा हात लांब. धनगराच्या घरात नांदायचं, मेंढरांचं शेण काढायचं, पाणी भरायचं, भाकरी थापायच्या, पण व्यायलेल्या मेंढीला हात लावायचा नाही. कसलं जिणं हे!

हे बिरूद मला दिलं माझ्या सासूनं, कोंडाबाईनं. त्या दिवशीची गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

लग्नाला चार महिने झाले होते. सासूबाई पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेल्या होत्या आणि नवरा मेंढरं घेऊन माळावर. नवऱ्याचं नाव मल्हारी. तोंडानं मी ते घेत नाही, लिहायला हरकत नाही. भिंगरी नावाची मेंढी तेवढी घरी ठेवली होती, कारण तिचे दिवस भरले होते. भिंगरी म्हणजे सासूबाईंचा जीव. दुपारी ती अडली. दोन इवलेसे खूर बाहेर आले आणि तिथंच थांबले. एका खुराचा तळवा खाली जमिनीकडं होता, दुसऱ्याचा वर आभाळाकडं. मला वाटलं, पाय मुरगळला असेल. माझ्या माहेरी मेंढरं नव्हती, मला काय माहीत! मी हातातला हिरवा चुडा सावरत दोन्ही पाय धरले आणि ओढले. ती कळवळली तशी आणखी जोरानं ओढले. सासूबाई परत आल्या तेव्हा भिंगरी गेली होती. पोटातलं कोकरूही गेलं होतं.

त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं भिंगरीच्या तोंडावरून हात फिरवला, माझ्याकडं बघितलं आणि मल्हारीला म्हणाल्या, "हिच्या हाताला गुण न्हाई."

झालं. चार महिन्यांच्या नवरीच्या कपाळावर शिक्का बसला.

तेव्हापासून मी सासूबाईंना लांबून बघत आले. अडलेली मेंढी आली की त्या साबणानं हात धुवायच्या, थोडं गोडं तेल लावायच्या, आणि डोळे मिटून हात आत घालायच्या. चेहऱ्यावर काही नाही. जणू अंधारात कोनाड्यातली काडेपेटी शोधतायत. थोड्या वेळानं कोकरू बाहेर. लांबलांबच्या वस्त्यांवरून लोक त्यांना न्यायला यायचे. एकदा मी धीर करून विचारलं, "आत्या, आत काय कळतं तुमाला?"

"हाताला कळतंय," त्या म्हणाल्या.

"पण काय कळतंय?"

"ते सांगून येत न्हाई. आन् तुला काय करायचंय?"

मी पुन्हा शेण काढायला लागले. करायचं दुसरं काय!

या वर्षी मात्र गणित फिरलं. दिवाळी झाल्यावर सासूबाई हौदाजवळच्या शेवाळावर घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर. कळपात अडतीस मेंढ्या गाभण. त्याच आठवड्यात बचत गटाच्या बैठकीत विषय निघाला की गावासाठी एक पशुसखी पाहिजे. परभणीला तीन दिवसांचं प्रशिक्षण, शेवटी परीक्षा, पास झालेल्या बाईनं गावातल्या शेळ्यामेंढ्यांचं बघायचं. लस, जंत, बाळंतपण, सगळं. मी आठवी पास. मी हात वर केला. बैठकीतल्या बायांनी आधी माझ्या हाताकडं बघितलं, मग एकमेकींकडं.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई खाटेवर प्लास्टर पोटाशी धरून बसल्या होत्या. त्या हसल्याच. "पशुसखी? ही?"

माझं डोकं फिरलं. अठरा वर्षं जे गिळलं होतं ते ओठावर आलं. म्हटलं, "व्हय, मीच. अन् पास होऊन येते का न्हाई बघा."

मल्हारी भाकरी खात होता. त्यानं मान आणखी खाली घातली. आई आणि बायको भांडायला लागल्या की या माणसाला भाकरीत फार रस वाटतो.

परभणीत आम्ही अठरा-वीस बाया होतो. शिकवायला निकिता मॅडम. वय असेल पंचविशीचं, पण बोलणं साधं आणि हसणं मोकळं. पहिल्या दिवशी लस आणि जंत झाले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी मोकळं टेबल मधोमध ठेवलं, मोबाइल काढला आणि म्हणाल्या, "आज आपण एक मेंढी इथं उभी करू."

बायनाबाई माझ्या शेजारी होती, येलदरीकडची. ती दाराकडं बघायला लागली, कोण मेंढी घेऊन येतंय म्हणून. मॅडमनी मोबाइल टेबलावर धरून सावकाश इकडून तिकडं हलवला, एकदा बोट टेकवलं आणि मोबाइल आमच्याकडं फिरवला. त्या काचेत आमचंच टेबल, आमच्याच भिंती, पलीकडं बायनाबाईचा पिवळा पदर. आणि टेबलावर मेंढी. कान हलवणारी, श्वास घेणारी मेंढी!

बायनाबाईनं खुर्ची मागं सरकवली. "लाथ मारंल की वो!"

सगळ्या खिदळल्या. काचेवरून नजर काढली तर टेबल मोकळंच. पुन्हा काचेत बघितलं तर मेंढी आहेच. मी तीनदा वर-खाली बघितलं.

"याला ऑगमेंटेड रिअॅलिटी म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "नाव मोठं आहे, ए.आर. म्हणा. डोळ्यावर डबा बांधून माणसाला भलत्याच जगात नेतात, ते वेगळं. इथं जग आहे तेच राहतं. टेबल खरं, तुम्ही खऱ्या. त्यात एक चित्र आणून ठेवलंय, एवढंच."

"पन ते हालत कसं न्हाई? मोबाइल तर तुमी हालवायलात," मी विचारलं.

मॅडमना प्रश्न आवडला. म्हणाल्या, "मी आधी मोबाइल फिरवला की नाही? तेव्हा कॅमेरा टेबलावरच्या खुणा शोधत होता. डाग, ओरखडे, कोपरे. त्या खुणा त्यानं लक्षात ठेवल्या. आता मोबाइल कुठंही नेला तरी त्या खुणांवरून त्याला कळतं, आपण कुठं आहोत, टेबल कुठं आहे. म्हणून मेंढी जागा सोडत नाही. आणि जागा सोडत नाही, म्हणूनच तुम्ही तिच्याभोवती फिरू शकता. कागदावरच्या चित्राभोवती फिरता येतं का?"

मग त्यांनी काचेवरची एक खूण दाबली आणि मेंढीची कातडी काचेसारखी आरपार झाली. आत गर्भाची पिशवी, पिशवीत कोकरू. पुढचे दोन पाय लांब केलेले, त्यावर हनुवटी टेकलेली. अगदी शहाण्यासारखं. मॅडमनी सांगितलं, हे सरळ वेत. मग दुसरी खूण, मान मागं वळलेलं कोकरू. तिसरी, मागच्या पायानं येणारं. चौथ्या खुणेवर लिहिलं होतं, 'जुळं, पाय गुंतलेले.'

"दैवशालाताई, तुम्ही बघा. आणि भोवती फिरून बघा," म्हणत मॅडमनी मोबाइल माझ्या हातात दिला.

मी मेंढीच्या मागं उभी राहिले. दोन खूर बाहेर आलेले. एकाचा तळवा खाली, दुसऱ्याचा वर.

हे मी बघितलं होतं. अठरा वर्षांपूर्वी नेमकं हेच, नेमकं इथूनच बघितलं होतं. मी मोबाइल घट्ट धरून एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि मेंढीच्या बाजूला आले. आत दोन कोकरं होती. तळवा खाली असलेला पाय पहिल्याचा, पुढचा. तळवा वर असलेला पाय दुसऱ्याचा, मागचा. ते उलटं येत होतं. मागून बघणाऱ्याला एकाच कोकराचे दोन पाय वाटावेत असे ते शेजारी शेजारी. आणि बाजूनं बघितलं तर दोन जीव एका दारात अडकलेले.

मी दोघांना एकदम ओढत होते. कुठून निघणार होते ते!

माझ्या डोळ्यांना धार लागली. भर वर्गात, वीस बायांसमोर. मॅडम घाबरल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, भिंगरीचं, चुड्याचं, सासूबाईंच्या त्या वाक्याचं. सांगता सांगता मला राग यायला लागला, आणि राग आला तसं रडं थांबलं. माझ्या हातात खोट नव्हती. मला आतलं दिसत नव्हतं, एवढंच. अठरा वर्षं मी ज्याला माझं नशीब समजत होते, ती एक न शिकवलेली गोष्ट होती.

त्या दिवसापासून मी त्या मेंढीभोवती किती फेऱ्या मारल्या त्याचा हिशेब नाही. मॅडमनी डोळे मिटून सांगायला लावलं: पुढचा पाय कसा ओळखायचा? खुरावरचे पहिले दोन सांधे एकाच बाजूला वाकले तर पुढचा, उलट-सुलट वाकले तर मागचा. दोन पाय एकाचेच कशावरून? एका पायावरून बोटं खांद्यापर्यंत न्यायची, छातीवरून पलीकडं जायचं, तिथून खाली उतरायचं. त्याच कोकराचा दुसरा पाय तिथंच सापडतो. ओढायचं नंतर, आधी ओळखायचं. परीक्षेत मी पहिली आले. मी सोबत नेलेल्या मल्हारीच्या मोबाइलवर मॅडमनी ते अॅप घालून दिलं आणि बजावलं, "हे शिकायला आहे, तपासायला नाही. चित्र ते चित्रच."

घरी येऊन मल्हारीला दाखवायला गेले तर मेंढी उभीच राहीना. त्यानं मोठ्या हौसेनं काळं घोंगडं अंथरलं होतं. काळ्याभोर घोंगड्यावर डाग ना ओरखडा, कॅमेऱ्याला खुणा सापडेनात.

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "बिरोबाच्या घोंगड्याफुडं तुमचं खोटं चालत न्हाई, बघ."

घोंगडं बाजूला केलं. खालच्या फरशीवर भेगा होत्या, डाग होते. मेंढी ऐटीत उभी राहिली. मल्हारीचं तोंड उघडं ते उघडंच. आणि मग त्याच्या डोक्यात जे आलं, ते फक्त धनगराच्याच डोक्यात येऊ शकतं. त्यानं मोबाइल उचलला, जाळीत गेला, एका खऱ्या गाभण मेंढीसमोर उभा राहिला आणि ती चित्रातली मेंढी बोटानं सरकवत सरकवत बरोबर खरीच्या अंगावर बसवली. डोक्यावर डोकं, शेपटीवर शेपूट. मग कातडी काढायची खूण दाबली.

"आयला! कोकरू दिसायलंय! एकदम सरळ हाय!"

मी कपाळाला हात लावला. "अवो, ते तिच्या पोटातलं न्हाई. ते चित्र हाय. कुठल्याबी मेंढीवर ठिवा, तेच दिसंल. तुमच्यावर ठिवलं तर तुमच्या पोटात बी कोकरू दिसंल!"

पण ऐकतो कोण! दुसऱ्या दिवशी अख्खी वस्ती दारात. बजरंग आपली मेंढी घेऊन आला, आश्रुबा दोन घेऊन आला. मल्हारी डॉक्टरासारखा भुवया चढवून मोबाइल धरायचा आणि सांगायचा, "सरळ हाय. काळजी करू नका. सरळ हाय." सगळ्यांचं सरळच. मी ओरडून सांगत होते, लोक माना डोलवत होते आणि मनात म्हणत असणार, हिला काय कळतंय, हिच्या हाताला गुण नाही. आमच्या कळपातल्या पहिल्या सहा मेंढ्या खरंच सरळ व्यायल्या, आणि माझा नवरा तर हवेतच गेला.

सातवी चांदी. कपाळावर पांढरा टिळा असलेली, भिंगरीच्या बहिणीची नात. दुपारच्या उन्हात ती जाळीतल्या लिंबाखाली बसली, उठली, पुन्हा बसली. पाणमोट फुटून बराच वेळ झाला तरी काही पुढं सरकेना. मग दोन खूर दिसले. मल्हारीनं मोबाइल धरला, चित्र बसवलं.

"सरळ हाय. दोन पाय आलेत. आता निस्तं वढायचं."

मी जाळीच्या बाहेरून बघितलं. एका खुराचा तळवा खाली. दुसऱ्याचा वर.

"हात लावू नका!" मी अशी ओरडले की मल्हारीच्या हातातला मोबाइल पडता पडता राहिला.

डॉक्टरांना फोन लावला. ते येलदरीच्या बाजूला गेलेले, यायला दोन तास तरी. चांदीची जीभ बाहेर आली होती. सासूबाई प्लास्टर छातीशी धरून जवळ आल्या, वाकल्या, डाव्या हातानं चांदीचं पोट चाचपलं आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. डाव्या हाताला त्यांच्या काही कळत नव्हतं.

मी जाळी उचलून आत आले.

"तू न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "दैवशाले, तू हात लावू नको. माझ्या भिंगरीचं..."

"भिंगरी मेली ते जुळं व्हतं म्हणून!" माझा आवाज माझाच मला ओळखू येईना. "एक पाय एकाचा अन् एक दुसऱ्याचा. मी दोगांना संगंच वढलं. मला कुनी शिकवलं व्हतं का आत्या? तुमी शिकवलं व्हतं? आज बी तसंच हाय. तळवे बघा. एक खाली, एक वर. अन् तुमचा ल्योक त्या मोबाइलात बघून सरळ सरळ म्हनायलाय! मी हात घातला न्हाई तर ही मरनार हाय. घातला तर वाचंल. आता सांगा, काय करू?"

लिंबाखाली आठ-दहा माणसं जमली होती. सासूबाईंनी खुरांकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बांगड्या काढ."

नवरा जिता असताना हात मोकळे करायचे नाहीत, हे मला याच बाईनं शिकवलेलं. मी साबणाचं पाणी मनगटावर ओतलं आणि एकेक बांगडी उतरवली. ठेवायला जागा नव्हती. मी त्या मल्हारीच्या ओंजळीत दिल्या. "धरा. एक बी फुटू देऊ नका." पशुसखी बायकोचा नवरा, हातात बारा बांगड्या घेऊन, मोबाइल काखेत मारून उभा.

हात धुतले, तेल लावलं, आणि डोळे मिटले.

आत ऊब होती आणि दाटी होती. पहिल्या क्षणी काहीच कळलं नाही, नुसता ओला गोंधळ. मग मी मनातल्या मनात परभणीच्या त्या टेबलाभोवती चालायला लागले. मागून निघाले, बाजूला आले. बोटाखाली पाय आला. पहिला सांधा, दुसरा सांधा, दोन्ही एकाच बाजूला. पुढचा. बोटं वर नेली, खांदा लागला, छाती लागली, छातीवरून पलीकडं उतरले. दुसरा पाय तिथं आत दुमडलेला होता. आणि बाहेर दिसणारा, आभाळाकडं तळवा केलेला तो पाय? त्याचे सांधे उलट-सुलट. तो भावाचा.

"दोन हायेत," मी म्हणाले. "उलटं येनारं मागं सारते."

"कळ थांबू दे," सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. कधी येऊन बसल्या होत्या कुणास ठाऊक. "ती जोर करायली तवा ढकलू नको. दम खाईल तवा सार."

चांदीनं दम खाल्ला. मी तो मागचा पाय अलगद आत सारला. दुमडलेला पाय खूर मुठीत झाकून सरळ केला, म्हणजे आतून ओरखडा बसू नये. डोकं शोधलं. ओलं, गोल, आणि माझ्या बोटाला त्याचं तोंड लागलं तेव्हा त्यानं चक्क चोखलं! मी हसले का रडले मला आठवत नाही.

"जित्तं हाय वो आत्या!"

"मग बसलीस काय? आता जोर करंल तवा खाली वढ, जमिनीकडं. सबरीनं."

पहिलं आलं. मग दुसऱ्याचे दोन्ही मागचे पाय जोडीनं धरले आणि एका कळेत त्यालाही घेतलं, कारण उलटं येणाऱ्याला वेळ लावून चालत नाही. ते गळाठून पडलं. नाका-तोंडातला चिकटा काढला, गोणपाटानं खसाखसा चोळलं, नाकात गवताची काडी फिरवली. ते शिंकलं. एवढंसं कोकरू, पण शिंक अशी की बजरंग दचकून मागं सरला. चांदीनं मान वळवून दोघांना चाटायला सुरुवात केली.

लिंबाखाली एकच कल्ला झाला. आश्रुबानं फेटा उडवला. मल्हारी ओरडत होता, "माझी बायको हाय ती! माझी!" जणू कुणी नाकारत होतं. बांगड्या त्यानं छातीशी धरल्या होत्या, एकही फुटली नव्हती. आणि मी, दोन्ही हात कोपरापर्यंत रक्तानं आणि पाण्यानं माखलेले, उन्हात उभी राहून त्या हातांकडं बघत राहिले. इतके सुंदर हात मी कुणाचेच बघितले नव्हते.

सासूबाई उठून गेल्या. मनात म्हटलं, जाऊ दे. चांगलं म्हणायचा या बाईला सरावच नाही.

उन्हं कलल्यावर त्यांनी मला हाक मारली. "ते यंत्र आन. मला बी बघू दे."

मी अंगणातल्या फरशीवर मेंढी उभी केली. त्यांनी डाव्या हातात मोबाइल धरला, मी त्यांचा दंड धरला.

"ही आपली मेंढी न्हाई," त्या पहिल्यांदा हेच म्हणाल्या. "शेपूट बघ केवढं. परदेशी दिसायलीय."

"पोट सगळ्यांचं सारखंच असतंय आत्या."

"पन नसलेली मेंढी दिसती कशी?"

मी विचार केला. "धोंड्याला शेंदूर लावला की आपल्याला देव दिसतो का न्हाई? धोंडा जागचा हालत न्हाई. आपन त्यात जास्तीचं बघतो. हे तसंच. फक्त ह्यात देव न्हाई, चित्र हाय, ते तेवढं ध्यानात ठिवायचं. तुमच्या लेकानं ठिवलं न्हाई."

त्यांना पटलं. मी जुळ्याची खूण दाबली आणि त्यांना मेंढीभोवती हळूहळू फिरवलं. मागून बाजूला आणलं. त्या थांबल्या. प्लास्टरमधली बोटं नकळत हलायला लागली. हवेतच खांदा शोधत होती, छाती ओलांडत होती.

"असंच हाय," त्या पुटपुटल्या. "अगदी असंच हाय गं. चाळीस वर्सं हातानं बघितलं. डोळ्यानं आज बघायलेय."

आणि मग फरशीवरच बसल्या.

"माझी बी पयली मेंढी मेली व्हती," त्या म्हणाल्या. "हीच चूक. तुझ्यासारखीच नवी नवरी व्हते. माझ्या सासूनं दुसऱ्या दिवशी मला पुन्हा हात घालाया लावला. जबरदस्तीनं. माझ्यासंगं बसली, सांगत ऱ्हायली. म्हनून मी शिकले." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मी तुला न्हाई बसवलं. भिंगरीचा राग तुझ्यावर काढला. अठरा वर्सं."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी त्यांना खूप बोलेन. कितीतरी वाक्यं तयार ठेवली होती. पण त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवून डावा हात माझ्या मनगटावर ठेवला होता. एवढंच म्हटलं, "आता बसा माझ्यासंगं. अजून एकतीस हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आश्रुबा धावत आला. दम लागलेला, पायात एकच चप्पल. मी चुलीपाशी होते. तो माझ्यावरून नजर पुढं नेत थेट खाटेकडं गेला. अठरा वर्षांची सवय एका दुपारी थोडीच मोडते!

"कोंडाकाकू, मेंढी अडलीय. चला. तुमी निस्तं शेजारी बसा, सांगा, मी घालतो हात. तुमच्या हाताला गुण हाय."

सासूबाईंनी प्लास्टर मांडीवर ठेवलं आणि वस्तीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्याकडं काऊन आलास? हातगुन माझ्या सुनंचा हाय. तिला इचार, येती का."

आश्रुबा वळला. माझ्यासमोर आला. घसा खाकरला. म्हणाला, "वैनी, येता का?"

मी तव्यावरची भाकरी उतरवली. साबण घेतला, तेलाची बाटली घेतली. उंबऱ्याशी थांबून बांगड्या काढायला लागले, तर मल्हारी न सांगता येऊन ओंजळ पुढं करून उभा होता.